हाक मारण्याचा प्रकार

शिओझाकी वस्तीत तीन वर्षांत एकही चोरी झाली नव्हती, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

प्रांताचं पोलीस खातं दर वर्षी गुन्हे रोखणाऱ्या वस्ती-मंडळांना सन्मानपत्र देतं. त्याचा अर्ज सोळा रकान्यांचा. मंडळाची चिटणीस शिमोदा मियोको हिने अकरा रकाने एका बैठकीत भरून टाकले. सभासद चौदा, सरासरी वय एकाहत्तर, शाळा सुटायच्या वेळी रोज गस्त, पिवळी जाकिटं, शिट्ट्या, सगळं. बाराव्या रकान्याशी मात्र तिचं घोडं अडलं. 'गेल्या वर्षातील ठोस निष्पत्ती.' काही घडलंच नाही, ही निष्पत्ती म्हणून कशी लिहायची?

"तसंच लिहा की," हिराइवा म्हणाले. तेहतीस वर्षं गावातली बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस मंडळात सगळ्यात नेमाने गस्तीला उभा राहायचा. "काही घडू नये म्हणूनच तर आपण उभे राहतो ना?"

"तेवढ्यावर कोणी सन्मानपत्र देत नाही, हिराइवा-सान," अध्यक्ष कुरामोची म्हणाले. ते नगरपालिकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदातलं त्यांना फार कळायचं. "पलीकडच्या मंडळाला गेल्या साली एक सायकलचोर सापडला. आपल्याकडे साधा सायकलचोरसुद्धा फिरकू नये, काय म्हणावं या वस्तीला!"

हे ते अगदी मनापासून हळहळून म्हणाले. मियोकोला तेव्हा हसू आलं होतं. पुढे त्या हसण्याचीच तिला शिसारी यायला लागली.

अर्जासोबत जाकिटं घातलेल्या सभासदांचा फोटो जोडायचा होता. जाकिटं म्हणाल तर बोळा झालेली. मियोको आणि तिचा नवरा यांनी एकतीस वर्षं लाँड्री चालवलेली; नवरा गेला, दुकान बंद झालं, पण इस्त्री आणि इस्त्रीचा ताठा दोन्ही घरात शिल्लक होते. तिने सोमवारी चौदाच्या चौदा जाकिटं घरी आणली आणि बुधवारी परत करते म्हणाली. त्या जाकिटांवरच्या चकाकत्या पट्टीला इस्त्री थेट लावली की पट्टी वितळते, वर सुती फडकं घालून हलक्या हाताने फिरवावी लागते. तेरा जाकिटं तिने तशी फिरवून खुंटीला लावली. चौदावं अध्यक्षांचं. त्याच्या छातीवर, बरोब्बर 'गस्त चालू' या अक्षरांवर, सोया सॉसचा हा मोठा डाग. तो काही हटेना. देईन तर सगळी एकदम देईन, अशा हट्टाने ती त्या डागाच्या मागे लागली, आणि बुधवार उलटला.

बुधवारी संध्याकाळी हिराइवा दारात येऊन उभे राहिले होते. "माझं तेवढं द्या, शिमोदा-सान. उद्या माझी पाळी आहे."

"एक दिवस टोपीवर भागवा हो," ती इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाली. "तुम्हाला कोण ओळखत नाही इथे?"

गुरुवारी दुपारी पावणेचारला तिचा फोन वाजला. वस्तीतल्या प्रत्येकाच्या फोनवर पोलिसांचे सावधगिरीचे मेसेज येतात, तसा हा आला होता. बहुतेक वेळा अस्वल दिसलं, नाहीतर कोणी म्हातारी बँकेच्या नावाने फसली, असलं काही असतं. या वेळचा मेसेज असा होता :

'हाक मारण्याचा प्रकार. आज दुपारी सव्वातीनच्या सुमारास शिओझाकी दुसऱ्या गल्लीत एका पुरुषाने शाळेतून घरी जाणाऱ्या मुलीला हाक मारली. वय अंदाजे सत्तर, राखाडी टोपी, निळा कोट. पुरुषाचे शब्द : "आलीस का? थंडी पडली बघ." पालकांनी सावध राहावे.'

अंगावर पाल पडल्यासारखी मियोको दचकली. खुंटीला तेरा पिवळी जाकिटं रांगेने लटकत होती, आणि त्यातल्या तिसऱ्याच्या कॉलरला आतून 'हिराइवा' असं नाव शिवलेलं होतं.

या गावात बाहेरून येणारा दारातूनच "आलो!" म्हणतो आणि आतला "आलास का?" म्हणतो. हे इतकं हाडीमासी खिळलेलं की रिकाम्या घरात शिरतानाही लोक "आलो" म्हणून जातात. मंडळ स्थापन झालं त्या वर्षी प्रांतातून एक पोलीस अधिकारी शिकवायला आला होता. त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : हाक. कुलपापेक्षा आणि कॅमेऱ्यापेक्षा हाक मोठी, ज्या वस्तीत येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात तिथे चोर पाय ठेवत नाही, असं त्याने दोन तास समजावलं. शाळेच्या कोपऱ्यावर मंडळाने स्वखर्चाने पाटी लावली, 'हाक मारा, वस्ती राखा'. हिराइवांनी ते फारच मनावर घेतलं. बसमध्ये तेहतीस वर्षं "सावकाश उतरा" म्हणत आलेल्या माणसाला आता हाक मारायला सरकारी परवानगीच मिळाली होती. आणि आता त्याच खात्याने तोच शब्द उचलून त्याच्या पुढे 'प्रकार' जोडला होता. जाकीट अंगात असलं की हाक ही मोहीम, आणि जाकीट खुंटीला असलं की हाक हा प्रकार!

खबर देणारी होती हिराइवांच्या घरासमोरच्या इमारतीत नुकतीच राहायला आलेली एक तरुण आई. तिने दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं, शंका आली तर कळवा असं पत्रकात लिहिलं होतं, म्हणून तिने कळवलं. तिचा काय दोष? ती मुलगी कोनात्सु, वय वर्षं आठ, हिराइवांना "आले!" म्हणून केव्हाच घरी पोचली होती आणि संत्रं खात होती. पोलीस दारात आले तेव्हा तिला कळेना, की आजोबांना काय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हिराइवा मियोकोकडे आले. बस उशिरा का सुटली याचा अहवाल द्यावा तसे ते बोलले.

"मी स्वतःच चौकीत गेलो होतो. फार चांगलं बोलले. इतके वाकून बोलले की मलाच वाकून वाकून पाठ धरली. खुलासा पाठवतो म्हणाले, एक ओळीचा. 'सदर व्यक्ती परिचित, प्रकार मिटला.' फक्त मंडळाचं पत्र पाहिजे, की हा आमचा सभासद आहे आणि त्या दिवशी पाळीवर होता. अध्यक्षांच्या शिक्क्यानिशी."

"एवढंच ना? शिक्का आज आणते," मियोको म्हणाली. "चूक माझी आहे, हिराइवा-सान. जाकीट माझ्याकडे होतं."

"चूक कसली? थंडी पडली होती, ते मी बोललो," हिराइवा म्हणाले.

कुरामोची घरी पायांवर रजई घेऊन बसले होते आणि काकी नावाच्या केशरी फळाच्या सोललेल्या फोडी काडीने टोचून खात होते. मियोकोने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तो चेहरा ती जन्मात विसरणार नाही. कोणी वारला म्हणून सांगायला जावं आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, तसला तो चेहरा.

"शिमोदा-सान," ते म्हणाले, "बारावा रकाना!"

"काय?"

"लिहून घ्या. 'शाळेच्या वाटेवर मुलीला हाक मारणाऱ्या पुरुषाची नागरिकांकडून तत्पर खबर. मंडळाने त्या वाटेवरील गस्त दुप्पट केली. त्यानंतर पुनरावृत्ती नाही.' तीन वाक्यं. गस्त आजपासूनच दुप्पट करू, मग यात एक तरी अक्षर खोटं आहे का?"

नव्हतं. तीच तर घाण होती. एक अक्षर खोटं नव्हतं.

"पण तो पुरुष म्हणजे आपले हिराइवा-सान आहेत!"

"नाव कुठे लिहितोय आपण? हे बघा, खुलासा गेला की प्रकार गेला. प्रकार गेला की रकाना रिकामा. फेब्रुवारीत पुरस्कार होऊ दे, दुसऱ्या दिवशी शिक्का देतो. तीन महिन्यांनी काय माणूस मरतो?" त्यांनी आणखी एक फोड टोचली. "आणि पत्र आता द्यायचं तर जाकीट का नव्हतं, तेही लिहावं लागेल. कोणाकडे होतं, कधी परत करायचं ठरलं होतं. मला तुम्हाला उगाच अडचणीत नाही टाकायचं."

मियोको घरी आली. रात्रीच्या जेवणाआधी तिने ती तीन वाक्यं बाराव्या रकान्यात टाइप केली, आपल्याच बोटांनी, आणि मग मोरीत जाऊन हात साबणाने तीनदा धुतले. लाँड्रीत तिने एकतीस वर्षं परक्यांचे मळके कपडे हाताळले होते, पण असं कधी वाटलं नव्हतं.

पुढचे तीन महिने वस्तीने जे केलं त्यात तर कोणीच काही वाईट केलं नाही. सगळे अगदी नीट वागले. हिराइवांना मंडळातून काढलं नाही, 'काही दिवस विश्रांती घ्या' म्हणून सुचवलं. आया मुलांना त्यांच्या फाटकासमोरून ओढून नेत नसत, फक्त पलीकडच्या कडेने चालायला शिकवत. आणि शेजारची ओकानो बाई फिरती पाटी त्यांच्याकडे द्यायला विसरू लागली. वस्तीत जी सूचना असेल ती एका पाटीला अडकवून घरोघर फिरते. प्रत्येक घराने आपल्या चौकटीत नावाचा शिक्का मारायचा, इथे सहीच्या जागी तोच चालतो, आणि पाटी पुढच्या दारात नेऊन ठेवायची. ओकानो बाई एक दार सोडून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "त्यांना कशाला त्रास?"

हिराइवांनी दुपारी बाहेर पडणं सोडलं. शाळा सुटायच्या वेळी ते पडदे ओढून आत बसत. दूरच्या शहरातली त्यांची मुलगी रोज फोन करून "इकडे या" म्हणत होती.

"जाईन," ते मियोकोला म्हणाले, "पण ती ओळ आल्यावर. तशीच गेलो तर पळाला म्हणतील. कधी मिळतोय शिक्का?"

"फेब्रुवारीत," मियोको म्हणाली. दर वेळी तेच म्हणायची, आणि दर वेळी त्यांच्या पायांतल्या सपातांकडे बघून म्हणायची.

फेब्रुवारी आला. प्रांताच्या सभागृहात सतरा मंडळांना बोलावलं होतं. पोलिसाची टोपी घातलेला कापडी ससा दारात हात हलवत होता, त्याच्या आत बिचारा कोण शिजत होता कोण जाणे. शिओझाकीचं नाव पुकारलं. निवेदिकेने बाराव्या रकान्यातली तीन वाक्यं मध घोळवून वाचली. टाळ्या झाल्या. कुरामोचींनी सन्मानपत्र दोन्ही हातांत घेतलं आणि इतके खाली वाकले की मागे बसलेल्या मियोकोला त्यांच्या जाकिटाची कडक इस्त्री तेवढी दिसली. सोया सॉसचा डाग तिने अखेर घालवला होता.

दुपारी डब्यातलं जेवण, आणि जेवणानंतर प्रशिक्षण. ते पुरस्कारासोबतच मिळतं. निवडलेल्या मंडळांच्या एकेका 'आदर्श कार्यकर्त्या'ला शिकवून तयार करतात आणि त्याने मग आपल्या भागात इतरांना शिकवायचं. शिओझाकीची आदर्श कार्यकर्ती अर्थात मियोको. शिकवणारा अधिकारी तरुण, चकचकीत, दात फार पांढरे. त्याने पडद्यावर एक मेसेज दाखवला.

"हे उदाहरण आपल्यातल्याच एका मंडळाचं आहे. शब्द बघा. 'आलीस का? थंडी पडली बघ.' किती साधे! धोका असाच साध्या शब्दांत येतो. चला, करून बघू. शिमोदा-सान, तुम्ही पुरुष व्हा."

त्याने खोक्यातून एक राखाडी टोपी काढून तिच्या हातात दिली. खोक्यात काळे चष्मे आणि तोंडावरचे रुमालही होते. दुसऱ्या कुठल्या गावच्या, सत्तरीच्या एका गोलमटोल बाईच्या पाठीला लाल दप्तर अडकवलं. ती झाली शाळकरी मुलगी. पुरुषाने हाक मारली की तिने ओरडायचं आणि पळत सुटायचं.

मियोकोने टोपी घातली. घसा खाकरला. हिराइवा म्हणतात तसंच, शेवट जरा लांबवून, ती म्हणाली, "आलीस का? थंडी पडली बघ."

"आले!" बाई म्हणाली.

सगळं सभागृह हसलं. बाईने जीभ चावली. "अगं बाई! तोंडातून आपोआप गेलं हो."

"हरकत नाही, पुन्हा," अधिकारी म्हणाला. "ओरडायचं. पळायचं."

"आलीस का? थंडी पडली बघ."

"आले आले! ...छे, मेलं हे तोंड!" बाई हसून हसून डोळे पुसायला लागली. "जमायचं नाही मला साहेब. सत्तर वर्षं 'आले' म्हणतेय. कोणी एवढ्या मायेने विचारलं तर पळायचं कसं?"

"बरोबर," अधिकारी सगळ्यांकडे वळून गंभीरपणे म्हणाला. "हीच सवय आपल्याला मोडायची आहे."

मियोकोने टोपी काढली. ती तिने खोक्यात परत टाकली.

"तो माणूस आमच्याच मंडळाचा आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी त्याची पाळी होती. तुमच्या लोकांनीच हाक मारायला शिकवलं म्हणून त्याने हाक मारली. त्याचं जाकीट माझ्याकडे इस्त्रीला होतं, सन्मानपत्राच्या अर्जातल्या फोटोसाठी. त्या मुलीनेसुद्धा 'आले' म्हटलं होतं, या बाईंसारखंच. आणि तुम्ही आम्हाला त्याच्यावर सन्मानपत्र दिलंत."

सभागृहातले सगळे आपापल्या कागदांकडे बघू लागले. कुरामोची तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसले होते. झोपले होते की झोपेचं सोंग, ते तेच जाणोत.

"फार मोलाचं मत आहे," अधिकारी पांढरे दात दाखवून म्हणाला. "प्रश्नावलीत शेवटी 'इतर' असा रकाना आहे. तिथे जरूर लिहा. चला, आता पुढचं उदाहरण."

परतीच्या गाडीत मियोकोने शिक्का मागितला.

"आता?" कुरामोचींनी संत्रं सोलायला घेतलं. "आता खुलासा आला तर आपण सन्मानपत्र कशावर घेतलं, असा प्रश्न येईल. परत करावं लागेल. चौदा माणसांची मान खाली घालायची?"

"तुम्ही फेब्रुवारी म्हणाला होतात."

"अहो, अजून फेब्रुवारीच आहे की," ते म्हणाले, आणि अर्धं संत्रं तिच्यापुढे धरलं. ते तिने घेतलं नाही. गाडीभर सालीचा वास सुटला होता आणि तिला तो घरी पोचेपर्यंत सोसवेना.

दुसऱ्या दिवशी फिरत्या पाटीवर सन्मानपत्राची प्रत लावून पाठवायची होती. ते काम चिटणिसाचं. मियोकोने प्रत खाली घातली आणि वर आपल्या हाताने लिहिलेला कागद लावला.

'शिओझाकी गुन्हेप्रतिबंधक मंडळाकडून कळवण्यात येते, की चौदा नोव्हेंबरला दुसऱ्या गल्लीत मुलीला हाक मारणारे गृहस्थ हिराइवा हे या मंडळाचे सभासद असून त्या वेळी गस्तीच्या पाळीवर होते. त्यांचे जाकीट चिटणिसाकडे इस्त्रीला राहिले होते. चूक चिटणिसाची आहे. मुलीने "आले" असे उत्तर दिले होते. वाचून शिक्का मारावा.'

खाली तेवीस घरांच्या तेवीस चौकटी. पहिली अध्यक्षांची. पाटी तिने स्वतः त्यांच्या दारात ठेवली आणि घरी येऊन बसली. आता फोन वाजेल, आता कोणी तरी तरातरा येईल, म्हणून तिने चहासुद्धा केला नाही.

कोणी आलं नाही. एरवी आठवडाभर फिरणारी पाटी दोन दिवसांत परत आली. बावीस चौकटी भरलेल्या होत्या. मियोकोने एकेक शिक्का बघितला. लाल, गोल, सरळ. एकाही घरातून एक शब्द आला नव्हता. वाचलं असेल तर गुळणी धरून बसले होते, आणि वाचलं नसेल तर नेहमीसारखं न बघता शिक्का मारून पाटी दाराबाहेर काढली होती. यातलं जास्त किळसवाणं कुठलं, हे तिला ठरवता येईना. ओकानो बाईने हिराइवांचं दार या वेळीही सोडलं होतं; तेवीसपैकी रिकामी चौकट तेवढी त्यांचीच.

आणि मग तिची नजर पहिल्या चौकटीवर गेली. कुरामोची. शिक्का ठसठशीत उमटला होता. तीन महिने हात जोडून मागितला तेव्हा जो मिळाला नाही तो शिक्का, मंडळाच्या पत्राखाली, अध्यक्षांनी आपल्या हाताने मारून दिला होता. सन्मानपत्राची प्रत असणार, म्हणून वरचं वाचलंच नसेल.

ती पाटी तशीच काखेत मारून चौकीत गेली.

चौकीतला हवालदार वयस्कर होता. त्याने कागद जवळ धरला, लांब धरला. "मंडळाचं पत्र?"

"हो."

"सभासद, पाळीवर... अध्यक्षांचा शिक्का?"

"हा बघा."

"आहे की. मग इतके दिवस कुठे होता?" त्याने कागदाची प्रत काढली, तिच्यावर स्वतःचा शिक्का मारला आणि मूळ कागद परत दिला. "उद्या दुपारी जाईल मेसेज."

एवढंच होतं ते. एका माणसाचे तीन महिने, आणि एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मियोको पाटी आणि हिराइवांचं जाकीट घेऊन त्यांच्या फाटकातून आत गेली. हिराइवा अंगणात आले. बरेच वाळले होते. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सबंध कागद वाचला. तेवीस घरांत तो कागद वाचताना तिने पाहिलेला हा एकच माणूस.

"'चूक चिटणिसाची' कशाला लिहिलंत?" ते म्हणाले.

तेवढ्यात दोघांचेही फोन एकदम वाजले. 'चौदा नोव्हेंबर, शिओझाकी दुसरी गल्ली. सदर व्यक्ती परिचित असल्याचे निष्पन्न. प्रकार मिटला.' हिराइवांनी ती ओळ वाचली, मग परत वाचली. आत जाऊन त्यांनी शिक्का आणला आणि तेविसावी चौकट भरली. शिक्का जरा तिरपा पडला.

"आता तरी जाकीट घाला," मियोको म्हणाली. तिला रडू येत होतं, म्हणून ती उगाच दरडावून बोलली. "मी काय खुंटीला लावायला इस्त्री केली?"

त्यांनी ते घातलं. कॉलर नीट केली. छातीवर 'गस्त चालू' ही अक्षरं कोरी करकरीत दिसत होती. शाळा सुटली होती, गल्लीतून मुलं जायला लागली होती, पलीकडच्या कडेने. कोनात्सुने त्यांना अंगणात बघितलं आणि रस्ता ओलांडून ती सरळ फाटकाशी आली. दप्तर तिच्या पाठीवर खुळखुळत होतं.

"आले, आजोबा!" ती म्हणाली.

हिराइवांनी तोंड उघडलं. मग त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे मान वर केली. तिथे कोणी नव्हतं, पडदा तेवढा वाऱ्याने हलत होता. त्यांनी तोंड मिटलं. अंगात पिवळं जाकीट, हातात फोन, फोनवर ती ओळ. तसेच ते मागे वळले, आत गेले आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

मुलगी थांबून राहिली. "आले" म्हटल्यावर उत्तर येत नाही, असं तिच्या आठ वर्षांत कधी झालं नव्हतं.

मियोकोला ते बघवेना. "आलीस का गं?" ती म्हणाली. "थंडी पडली बघ."

"तुम्हाला नाही म्हटलं मी," कोनात्सु म्हणाली, आणि बंद दाराकडे बघत तशीच उभी राहिली.